काळ्या गिरणीची चाल

आमची गिरणी गावाला आधी ऐकू यायची, मग दिसायची. डिझेल इंजिनाच्या धुराड्यावर अण्णांनी पत्र्याची एक टोपी बसवून घेतली होती. इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला ती टोपी उचलली जायची आणि ‘कुक् कुक् कुक्’ असा आवाज शिवाराच्या टोकापर्यंत जायचा. माण तालुक्यातलं आमचं गाव उघड्या माळावर. आवाज अडवायला झाडं नव्हती की उंच घरं. तो ऐकला की बायका डबे डोक्यावर घेऊन निघायच्या, आणि मध्येच थांबला तर अर्ध्या वाटेवरून माघारी फिरायच्या. गिरणीला पाटी कधी लावलीच नाही. गरजच पडली नाही.

मी त्या आवाजात वाढले. माझी अभ्यासाची जागा वजनकाट्याशेजारच्या पोत्यावर. पट्ट्याचा जोड पुलीवरून जाताना ‘फट्’ वाजायचा, त्या फटक्यावर मी पाढे म्हणायचे. बेरीज जमायच्या आधी दगडांचा आवाज कळायला लागला होता. ज्वारी पडली की घरघर जड आणि दबकी. बाजरीला थोडी खरखर. पेटीतलं धान्य संपत आलं की आवाज एकदम पातळ व्हायचा आणि वर चढायचा, उपाशी माणसाचा चढतो तसा. अण्णा बाहेर कुणाशी पावसापाण्याचं बोलत असले तरी तिथूनच हाक यायची, “दळण संपलं गं!” मग धावत जाऊन पुढचा डबा ओतायचा. नाहीतर दगडावर दगड घासणार, ठिणग्या उडणार, आणि नुकतीच टाकी लावलेला दगड पुन्हा बोथट होणार.

हे सगळं एका स्कॉटिश चालीसाठी सांगतेय. या गिरणीतून न जाता मला ती चाल सांगता येणार नाही.

एडिंबरात येऊन अकरा वर्षं झाली, आणि पन्नाशी जवळ आल्यावर मी फिडल शिकायला लागले. फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्य तेच, घराणं वेगळं. मोठ्यांसाठी भरणारा संध्याकाळचा वर्ग, शाळेच्या लहान खुर्च्यांवर बसलेली आम्ही बारा-तेरा मोठी माणसं. आमच्या बाई मूळच्या स्काय बेटावरच्या. त्या कागद देत नाहीत. स्वरलिपी मागणाऱ्याला म्हणतात, “आधी कान भरू दे, मग हात.” एका मंगळवारी त्यांनी फिडल टेबलावर ठेवलं आणि नुसत्या तोंडाने एक चाल म्हणून दाखवली. शब्द गेलिक या तिथल्या जुन्या भाषेतले, वेग रेल्वेचा, श्वास घ्यायला जागा नाही. या प्रकाराला तिथे ‘पुर्श्त अ बीअल’ म्हणतात, म्हणजे तोंडाने वाजवलेल्या धुना. वाद्य हाताशी नसलं तरी नाच अडत नसे. कुणीतरी भिंतीला टेकून अशा धुना म्हणायचं आणि लोक नाचायचे. त्यात शब्द असतात ते अर्थासाठी कमी आणि ठेक्यासाठी जास्त. तबल्याचे बोल ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

चालीचं नाव त्यांनी सांगितलं, ‘अम मुलन दू’. मी सहज अर्थ विचारला.

“काळी गिरणी,” त्या म्हणाल्या.

गिरणीवाल्याच्या मुलीला समुद्रापार कुणी असं अचानक घरच्या नावाने हाक मारेल, हे मला अपेक्षित नव्हतं.

ही एक रील आहे, म्हणजे जलद नाचाची धून. फिडलवर वाजते, बॅगपाइपवर वाजते, आणि कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर गेलेल्या स्कॉटिश लोकांनी ती तिकडेही नेली, आजही वाजवतात. गाण्याचे शब्द मात्र अजब आहेत. काळी गिरणी डुलते आहे, मागेपुढे झुलते आहे, आणि तिला नाचायला जायचं आहे. पुढच्या कडव्यात, काळ्या गिरणीत रानकोंबडीचं घरटं आहे, उन्हाळ्यापासून आहे. मग काळ्या गिरणीत शेळ्या आहेत, वासरांसकट गाई आहेत. आणि तुम्हाला वाटणार नाहीत अशा कितीतरी गोष्टी काळ्या गिरणीत आहेत. ओळीमागून ओळ त्याच दोन शब्दांवर येऊन टेकते, ‘मुलन दू, मुलन दू’. एक फेरा पूर्ण झाला की दगड पुन्हा त्याच जागी यावा, तसं.

वर्गात सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण मी हिशेब करत होते. उन्हाळ्यापासून रानकोंबडी आत अंडी घालून बसली असेल, तर ती गिरणी उन्हाळ्यापासून फिरलेली नाही. चालत्या गिरणीत उंदीरसुद्धा दिवसा टिकत नाही, कोंबडी काय घरटं करणार! मग न फिरणारी गिरणी डुलते कशी? मी बाईंना हे विचारलं. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, “हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.” याला मी अजूनही कौतुक समजते.

या कोड्याची उत्तरं लोकांनी आपापल्या परीने दिली आहेत. काही म्हणतात, गिरणी कसली, तिथे चोरून दारू गाळली जायची. ‘तुम्हाला वाटणार नाहीत अशा गोष्टी’ म्हणजे व्हिस्कीची पिंपं. काही म्हणतात, काळी गिरणी म्हणजे तपकिरीची. स्कॉटलंडात तपकिरीच्या डबीलाच ‘मल’ म्हणतात आणि तो शब्द गिरणीवाचक ‘मिल’वरूनच आलाय, कारण पूर्वीच्या डबीतच तंबाखू घोटायची सोय असे. म्हणजे कुणातरी म्हाताऱ्याच्या खिशातली डबी, आणि तिच्यात म्हणे गाई, शेळ्या आणि कोंबडीचं घरटं! थट्टा म्हणून मला हे फार आवडतं, आणि माझा सगळा हिशेब त्यात वाहून जातो याचं थोडं वाईटही वाटतं.

पण मी दगडाची गिरणीच धरून बसले. त्यामागे कारण आहे.

स्कॉटलंडात गिरणी ही काही निव्वळ उपयोगाची वस्तू नव्हती, ती सत्ता होती. ‘थर्लेज’ नावाची पद्धत होती. जमीनदाराच्या कुळाने आपलं धान्य जमीनदाराच्याच गिरणीत नेऊन दळायचं, दुसरीकडे न्यायचं नाही, आणि दळणातला ठरलेला वाटा तिथेच सोडायचा. वर गिरणीवाल्याचा वेगळा वाटा, त्याच्या गड्याचा वेगळा. एवढंच नव्हे, गिरणीचा पाट साफ करणं, छप्पर शाकारणं हेही कुळांच्या माथी. नवा दगड आणायचा असेल तर त्याच्या भोकातून लांब ओंडका घालायचा आणि गावकऱ्यांनी तो खाणीपासून गिरणीपर्यंत उभा गडगडत आणायचा. डोंगरउताराला हा प्रकार कसा होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. घरच्या जात्यावर दळलं तर गिरणीचं उत्पन्न बुडतं, म्हणून ठिकठिकाणी घरोघरची जाती फोडून टाकली गेली. 1799 साली कायदा झाला आणि या बंधनातून ठरलेला मोबदला देऊन सुटायची वाट मोकळी झाली.

अण्णांचा एवढा दरारा कधी नव्हता. उलट तेच लोकांना भ्यायचे. दळण वजन करून घ्या, पीठ वजन करून द्या, तरी एखादी म्हातारी पिठात कोपरापर्यंत हात घालून म्हणायचीच, “भरलं नाही रं आज.” अण्णा म्हणायचे, चोर नसलेल्या माणसालाही गिरणी घातली की चोर व्हावं लागतं. तिकडच्या गिरणीवाल्याचं नावही फारसं चांगलं नसणारच. जिथे लोक सक्तीने रांगेत उभे राहतात आणि आपल्या धान्यातली मूठ जाताना बघतात, तिथे त्या गिरणीत शेळ्या बांधल्या, कोंबडी बसवली, म्हणून गाणं निघावं यात मला काहीच अजब वाटत नाही. तुमची गिरणी बंद पडो, असा शाप थेट देता येत नाही. तिला नाचायला मात्र पाठवता येतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी ऑर्कनीला, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवर, गेले ते एक गिरणी बघायलाच. नवऱ्याला सांगितलं होतं की पाषाणयुगीन वस्ती बघायची आहे, तीही बघितली. पण डाउनबी गावाजवळ, ओलसर कुरणात, कमरेइतक्या भिंतींची वाटावी अशी एक ठेंगणी दगडी झोपडी आहे, तिचं नाव ‘क्लिक मिल’. 1820 च्या दशकातली. ऑर्कनीत गेलिक कधी नव्हती, तिथली जुनी बोली नॉर्न. तेव्हा काळ्या गिरणीच्या गाण्याशी या गिरणीचं नातं मी लावलेलं आहे, हे कबूल करते. पण नावातच आवाज असलेली गिरणी दुसरी कुठली मला माहीत नव्हती.

तिची रचना इतकी साधी की आपल्याकडच्या कुठल्याही आजीने बघून मान डोलवावी. पाण्याची चाकं सहसा उभी असतात आणि मग दात्यांची चाकं जुळवून ती फिरकी आडवी करावी लागते. इथे मुळात चाकच आडवं. झोपडीच्या खालच्या कप्प्यात पाती लावलेली एक दांडी उभी, पाण्याचा झोत पात्यांवर, दांडी खालच्या दगडातून आरपार वर आलेली आणि वरच्या दगडाला अडकवलेली. पाती एकदा फिरली की दगड एकदा फिरला. म्हणजे खुंटा पाण्याच्या हातात दिलेलं जातंच ते. आणि वैरण? जात्याला आपण डाव्या-उजव्या हाताने मूठ मूठ घालतो, ते काम इथे आवाज करतो. वरच्या दगडाबरोबर फिरणारा लाकडाचा एक तुकडा प्रत्येक फेऱ्याला पेटीखालच्या पन्हाळीला टक्कर देतो. टक् झालं की पन्हाळ हलते, चार दाणे दगडाच्या तोंडात पडतात. पाणी जोरात आलं तर टक् टक् भरभर, दाणेही भरभर. पाणी मंदावलं तर दाणेही मंद. या ‘क्लिक’वरूनच गिरणीला नाव पडलं. इंग्लंडमधल्या गिरण्यांत पन्हाळ हलवणाऱ्या अशाच दांडीला ‘डॅमझेल’ म्हणजे तरुण पोरगी म्हणतात, का तर तिची बडबड थांबत नाही. हे नाव पोरींनी ठेवलेलं नसणार.

मी आत वाकून शिरले तेव्हा गिरणी गप्प होती. पाणी नव्हतं, पेटी रिकामी. दगडावर हात ठेवला तर गारठा तळव्यातून मनगटात चढला. नवरा बाहेर वाऱ्यात उभा राहून टोपी सांभाळत होता. मी ती चाल हळू आवाजात म्हणायला लागले आणि तिथे एक गोष्ट कळली, जी वर्गात कळली नव्हती. त्या चालीत ‘मुलन दू’वर जो ठोका येतो, तो दगडाचा नाही. दगडाची घरघर सलग असते, तिला ठोका नसतो. ठोका असतो त्या लाकडी तुकड्याचा. चालीतल्या धावत्या स्वरांखाली गज सलग घासत राहतो तो दगड, आणि वर येणारा झटका ती टक्. बाई गजाचा जो झटका आमच्याकडून महिनाभर घोटून घेत होत्या, तो काय आहे हे मला एका बंद झोपडीत, समोर काहीच फिरत नसताना समजलं.

कामातून आलेलं संगीत म्हटलं की आपल्याला आधी आठवतं ते हाताला साथ देणारं गाणं. स्कॉटलंडच्या बेटांवर त्याची मोठी परंपरा होती. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड शिळ्या मुतात भिजवून, लांब फळीभोवती बसलेल्या बायका ते आपटत, चोळत, सूर्याच्या दिशेने एकमेकींकडे सरकवत; एकजण कडवं सांगायची, बाकीच्या झेलायच्या. 1772 मध्ये पेनंट नावाचा प्रवासी स्कायला गेला, त्याच्या प्रवासवर्णनात एक चित्र आहे, त्यात जात्यावर दळणाऱ्या आणि कापड मळणाऱ्या बायका एकाच चौकटीत दिसतात. पुढच्याच वर्षी इंग्रज लेखक डॉ. जॉन्सन रासे बेटावर कापणी बघत होते. विळ्याचा घाव गाण्याच्या तालावर पडतो असं त्यांनी लिहून ठेवलंय. पुणे परिसरातून हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हँ यांनी जमवायला घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाच्या वर गेल्या. त्या ओव्या आणि ही कापडाची गाणी शेजारी ठेवली तर दोन्हीकडच्या बायकांना एकमेकींचं दुभाष्याविना समजेल. हात अडकलेला, तोंड मोकळं, ऐकणारं कुणी नाही. मग सासर-माहेर, मेलेला भाऊ, न आलेलं पत्र, सगळं त्यात उतरतं.

काळ्या गिरणीची चाल त्या जातीची नाही. पाणचक्कीत कुणाचेच हात अडकलेले नसतात. पाणी काम करतं आणि माणसं पोत्यांवर बसून आपल्या पाळीची वाट बघतात. अशा वेळी तो आवाज साथीला येत नाही, तो कानावर पडत राहतो, नको असला तरी. पायाचा अंगठा आपोआप हलायला लागतो. रिकाम्या माणसाला कामाचा आवाज नाचासारखा ऐकू येतो. मग गिरणी डुलायला लागते आणि तिला नाचायला जायचं असतं. खरं तर जायचं असतं रांगेतल्या पोराला.

इथे मला थोडं टोचतं. आमच्या गावात गिरणी येण्याआधी घराघरात पहाटे ओव्या होत्या, असं आई सांगायची. अण्णांनी इंजिन बसवलं आणि दोन-तीन वर्षांत जाती परसात गेली, कोंबड्यांना पाणी ठेवायला. बायकांच्या खांद्यांना आराम मिळाला, यात शंका नाही, आईच्याही मिळाला. आईला एकदा विचारलं, ओव्या गेल्या याचं वाईट वाटतं का? ती म्हणाली, “तू दळ चार पायली रोज, मग सांग मला.” पुन्हा विचारलं नाही.

फिडलवाल्यांत कामकरी माणसं पुष्कळ. नील गाऊ (1727–1807) हा स्कॉटिश फिडलचा सगळ्यात मोठा पूर्वज, डंकेल्डजवळच्या इन्व्हर गावचा. वडील चौकड्याचं कापड विणायचे, पोरालाही मागावरच बसवलं होतं. 1745 मध्ये एक स्पर्धा झाली, परीक्षक आंधळा होता, आणि शंभर वादकांत नीलचा गज मी ओळखेन असं तो म्हणाल्याची गोष्ट सांगतात. त्याचा गज वर जातानाही खाली येताना असावा तितकाच जोरकस असे, हीच त्याची ओळख. माग चालवणाऱ्याला धोटा जाताना आणि येताना सारखाच मारावा लागतो. माझ्या मते तिथूनच तो हात आला. हे सिद्ध करता येणार नाही, आणि मला करायचंही नाही. विल्यम मार्शल (1748–1833) हा गॉर्डनच्या ड्यूककडे नोकरीला होता आणि घड्याळं बनवायचा. त्याच्या स्ट्रॅथस्पे नावाच्या नाचाच्या धुनांत, जिथे आखूड स्वर आधी ठेचून लांब स्वर मागून येतो, मला कधीकधी लंबकाची टकटक ऐकू येते. पण ही माझी खोड झाली आहे. हल्ली मला कपडे धुवायच्या यंत्रातही रील ऐकू येते. स्कॉट स्किनर या फिडलवाल्याने तर 1881 साली आपल्या धुनांच्या एका संग्रहालाच हर्नच्या गिरणीवाल्याचं नाव दिलं. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “दळण फुकट दिलं असंल का त्याला?”

अण्णा आता सत्त्याऐंशीचे आहेत. गिरणी विजेच्या मोटरीवर गेली, मग चुलतभावाकडे गेली; पत्र्याची टोपी अजून माळ्यावर आहे. दर रविवारी फोन असतो. त्यांना माझं फिडल म्हणजे म्हाताऱ्या पोरीचं खूळ वाटतं, आणि ते तसं बोलूनही दाखवतात.

फॉरेस्ट रोडवर सँडी बेल्स नावाचा पब आहे, तिथे संध्याकाळी फिडलवाले जमतात. मागच्या महिन्यात धीर करून मी कोपऱ्यात बसले आणि काळी गिरणी सुरू झाल्यावर वाजवायला लागले. तिथला वेग वर्गातल्यापेक्षा दीडपट. मी कशीबशी शेवटपर्यंत पोचले, आणि पोचले याच आनंदात घरी आले. तोच वेग अंगात भिनवायचा म्हणून आठवडाभर घरी जोरजोरात वाजवत राहिले. शेजारच्या बाईंनी जिन्यात माझी तब्येत विचारली.

रविवारी अण्णांना म्हटलं, ऐका, गिरणीची चाल आहे. फोन टेबलावर उभा केला आणि त्याच वेगात वाजवून दाखवली. पडद्यावर त्यांचा अर्धाच चेहरा दिसत होता, कपाळ आणि छतावरचा पंखा. वाजवून झाल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं नेटवर्क गेलं.

“कितीचा दगड म्हणायचा हा?” ते म्हणाले.

मी सांगितलं, छोटा, हातभर.

“रिकामा फिरतोय गं. दळण संपलंय तुझं.”

मी रागावले. मग गज उचलला आणि पुन्हा सुरू केलं, या वेळी सावकाश. गज तारेवर दाबून धरला, झटका येईपर्यंत थांबले, तो आल्यावर सोडला. दुसऱ्या भागात शिरताना हात पुन्हा पळायला लागला, त्याला मागे ओढलं. कपाळ थोडं खाली आलं, डोळे दिसले, मिटलेले होते.

“हां,” अण्णा म्हणाले, “आता पडली ज्वारी.”